साहेबांचा सपाट नकाशा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही बेत तडीस नेलेला नाही, आणि म्हणूनच मी बाबांची यात्रा त्यांच्या हाती सोपवली.

हे वाचून कुणी मला कपटी म्हणेल. खुशाल म्हणावं. चौसष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा सदा कुरकुरणारा, आणि म्हणतो काय तर एकटाच सायकलवरून सहाशे चाळीस किलोमीटर जाणार, समुद्रकाठच्या मरियामातेच्या तीर्थमंदिरात प्रार्थना करणार आणि मग परत येणार. त्याच्या एकुलत्या एक मुलीनं काय टाळ्या वाजवायच्या? पण सरळ नाही म्हटलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशीच निघाले असते. आमच्या माहेरी 'नाही' हा शब्द ऐकला की माणसाच्या अंगात बळ येतं. म्हणून मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "जा ना बाबा. पण रस्ता नीट आखून घ्या. पप्पांना सांगू का?"

पप्पा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं मोजणी खात्यात नोकरी करून निवृत्त झाले, पण गल्लीत अजून सगळे त्यांना साहेबच म्हणतात. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे ते मिस्त्री. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी हे दोघे व्याही एकमेकांना साहेब आणि मिस्त्री असंच म्हणत. घरी आले तरी असं वागत, की एक जण पंक्चर काढायला आलाय आणि दुसरा ट्यूब टबात बुडवून बुडबुडे शोधतोय.

पप्पांच्या बेतांची कीर्ती मोठी होती. पुस्तकांच्या कपाटाचा आराखडा नऊ वर्षं तयार होत होता आणि पुस्तकं तोवर पलंगाखाली होती. परसातल्या बागेचा नकाशा इतका बारीक काढला होता, की त्यात टोमॅटोची रोपं मोजता यायची. प्रत्यक्षात तिथे कपडे वाळत घालायची दोरी होती. धाकट्या बहिणीकडे जायचा बेत त्यांनी चार वेळा आखला, आणि शेवटी कंटाळून आत्याच येऊन भेटून गेल्या. अशा माणसाच्या हाती बाबांची यात्रा दिली की तिचं घोंगडं निदान पाच वर्षं भिजत पडेल, तोवर गुडघाच बाबांना समजावेल, असा माझा हिशेब होता.

यात्रेचं मूळ आमच्या घरातल्या एका जुन्या थट्टेत होतं. आईबाबांचं लग्न झालं त्या वर्षी दोघं याच तीर्थमंदिराला निघाले होते. सायकल एकच. बाबा पुढे, आई मागे कॅरिअरवर, खाली तिनं स्वतः शिवलेली छोटी गादी. अर्ध्या वाटेवर आईला उलट्या सुरू झाल्या आणि दोघं परत आले. आईला वाटलं अंडं बाधलं. ते अंडं नव्हतं, मी होते. त्यानंतर यात्रा राहिली ती राहिलीच. मला कुठे उशीर झाला, की आई म्हणायची, "ही बाई जन्माआधीपासून लोकांचा खोळंबा करते." आईला जाऊन तीन वर्षं झाली. ती गेल्यापासून तेवढी एक थट्टा घरात कुणी केली नाही, आणि मला ती फार आठवायची.

तर पप्पांनी काम हाती घेतलं. जेवणाच्या टेबलावर नकाशाचे आठ कागद जोडून पसरले. चार कोपऱ्यांवर साखरेचा डबा, इस्त्री, प्रार्थनेचं पुस्तक आणि सासूबाईंचा चष्मा. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. पप्पा रस्त्याच्या वळणावळणाने दोरा ठेवायचे, टाचण्या टोचायचे, दोरा ताणून पट्टीवर मोजायचे आणि अणकुचीदार पेन्सिलीनं वहीत आकडा लिहायचे. मुक्कामाची चर्चेस ठरली. प्रत्येक चर्चच्या फादरना पत्र गेलं, की अमुक तारखेला एक यात्रेकरू संध्याकाळी साडेपाचला पोहोचेल, त्याला निजायला एक बाक पुरेल. यात्रेकरूला एक छोटी वही मिळते आणि वाटेतल्या प्रत्येक चर्चमध्ये तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो, हे कळल्यावर तर पप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिक्का हा त्यांचा जीव की प्राण.

इथे माझं गणित चुकलं. पप्पांचे बेत अर्धवट राहायचे, कारण ते पुरे होण्याची वाट कुणीच बघत नसे. आम्ही सगळे 'हो हो' म्हणून तिथून सटकायचो. बाबा मात्र दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की हात स्वच्छ घासून यायचे, खुर्ची ओढून टेबलाशी बसायचे आणि म्हणायचे, "हं साहेब, कुठवर आलो?" पप्पा दाखवायचे. बाबा तासभर ऐकायचे. एवढा श्रोता पप्पांना नोकरीतसुद्धा मिळाला नव्हता. चार महिन्यांत तिसरी वही भरत आली.

मध्ये एकदा दोघांची चांगलीच जुंपली, तेव्हा मला जरा आशा वाटली होती. पप्पांनी सामानाची यादी केली होती, साडेनऊ किलो, सगळं कॅरिअरवर बांधायचं. बाबा म्हणाले, कॅरिअरवर काही नको. पप्पांनी विचारलं, मग सामान काय डोक्यावर घेणार? बाबा म्हणाले, बघू, पण कॅरिअर मोकळं राहील. पप्पांनी विनवून पाहिलं, चित्र काढून दाखवलं, शेवटी पेन्सिल आपटली. बाबा तोंडात गुळणी धरून बसले. 'सामान' या मथळ्याखाली पप्पांनी 'मिस्त्री ऐकत नाहीत' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. एवढं होऊनही पुढच्या रविवारी बाबा हजर. माझी डाळ काही शिजेना.

मग मला पाचर सापडली. मी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये काम करते. नदीकाठून पाणी उचलून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, दर तासाला दाब वाचायचा आणि नोंदवहीत लिहायचा. नव्वद मीटर पाणी चढवायला दोन मोटरी दिवसभर कशा धापा टाकतात ते मी रोज ऐकते. एके दिवशी डबा खाताना पप्पांची वही चाळत होते. चौथा दिवस, सत्तेचाळीस किलोमीटर. पाचवा दिवस, सत्तेचाळीस किलोमीटर. पाचव्या दिवसाच्या मधोमध घाट होता. आमच्या खात्याच्या भिंतीवरच्या नकाशात मी त्याची उंची पाहिली आणि माझा घास हातातच राहिला. पायथ्यापासून खिंडीपर्यंत चारशे दहा मीटर. पप्पांच्या वहीत त्या घाटाला आणि आमच्या गल्लीला एकच भाव.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. मोजणीवाल्यांचा नियमच आहे, की जमीन कितीही चढउताराची असो, मोजायची ती आडवी. टेकडीवर साखळी टाकली तरी ती समपातळीत ताणून धरायची, ओळंबा सोडायचा आणि खाली किती सपाट जागा भरते तेवढीच लिहायची. छत्तीस वर्षं पप्पांनी सगळे चढ असेच बाजूला काढून ठेवले होते. त्यांच्या दृष्टीनं रस्ता म्हणजे लांबी, मग तो वर जाऊ दे नाहीतर खाली.

रविवार यायच्या आधीच मी टेबलाशी गेले आणि फार काळजीच्या सुरात म्हटलं, "पप्पा, हा घाट बाबा चढणार कसे?"

पप्पांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. नंतर एवढंच म्हणाले, की मी एका माणसाला मरायला पाठवत होतो. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला माझ्या हुशारीचा थोडा वीट आला. पण थोडाच. मला वाटलं, आता वह्या मिटतील आणि संपेल हे प्रकरण.

वह्या मिटल्या नाहीत. पप्पांनी त्या रविवारी बाबांना येऊ नका असा निरोप पाठवला आणि पंधरा दिवस टेबलावरून मान वर केली नाही. टाचण्या उपटल्या, दोरा बदलला, चार फादरना दिलगिरीची पत्रं धाडली. सासूबाईंनी तर हात टेकले. तिसऱ्या रविवारी बाबा आले तेव्हा नवा रस्ता तयार होता. घाटाला लांबून वळसा घालून नदीच्या काठाकाठाने जाणारा, एकाहत्तर किलोमीटर जास्त, पण ताटासारखा सपाट. पप्पांनी आयुष्यातला पहिला बेत पुरा केला होता. पोट आत ओढून ते बाजूला उभे राहिले.

बाबा नकाशाकडे बघत राहिले. दोऱ्यावरून बोट फिरवत ते चौथ्या मुक्कामापर्यंत आले आणि थांबले.

"साहेब, घाट कुठे गेला?"

पप्पा म्हणाले की काढून टाकला, सुनेनं चूक दाखवली म्हणून बरं झालं, नाहीतर अनर्थ झाला असता.

"तो परत घाला," बाबा म्हणाले.

पप्पा समजावू लागले. बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, सगळं नकाशाला सांगितलं.

"घाटात निम्म्यावर किलोमीटरचा दगड आहे. तिथे ही कॅरिअरवरून उतरली. म्हणाली, गरगरतंय. दोन तास बसलो आम्ही त्या दगडाशी. ती म्हणत होती, चला हो, जमेल मला, आणि मीच घाबरलो. एक ट्रक थांबवला आणि परत फिरलो. तुमचा पहिला रस्ता बरोबर तिथून जात होता, साहेब. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे, मुद्दाम आखलाय. मोजणीतला माणूस, याला दगड न् दगड ठाऊक असणार. म्हणून तर दर रविवारी येत होतो."

सासूबाईंनी गॅस बंद केला.

"समुद्रापर्यंत पोहोचलो तर ठीकच आहे," बाबा म्हणाले, "नाही पोहोचलो तरी चालेल. मला फक्त तिला त्या दगडाच्या पुढे न्यायचंय."

कॅरिअर मोकळं का हवं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला स्वतःची लाज वाटली. बाबांचा गुडघा सांभाळायच्या नावाखाली मी चार महिने त्यांच्या वाटेत खोडा घालत बसले होते, आणि शेवटी पुन्हा नेमकी त्याच दगडाशी जाऊन आडवी झाले होते. आई असती तर तिनं मला सोडलं नसतं. मी विचारलं, हे मला कधीच का नाही सांगितलं. बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर तुझ्या जिवाला लागलं असतं. थट्टेवारी नेलं, ते बरं होतं."

पप्पा खुर्चीत बसले. हातात पेन्सिल होती, पण ती चालत नव्हती. म्हणाले, "मिस्त्री, घाट घालतो. पण चढ कसा मांडायचा ते मला येत नाही. मी कधी मोजलाच नाही."

"मला येतं," मी म्हटलं.

त्या दिवशी टेबलाशी तिसरी खुर्ची लागली. मी पंपहाऊसच्या हिशेबानं घाटाचे सात टप्पे पाडले. कुठे सायकलवर बसायचं, कुठे उतरून ढकलायची, कुठे सावलीत किती वेळ थांबायचं, सगळं ठरवलं. एका दिवसाच्या घाटाचे दोन दिवस केले. पप्पा मी सांगेन तसं लिहून घेत होते. मथळ्यात 'चढ' हा शब्द लिहिताना त्यांनी तो इतका जपून लिहिला, की जणू खात्यातून कुणी येऊन विचारणार होतं.

राहता राहिलं सामान. साडेनऊ किलो, आणि कॅरिअर तर मोकळं ठेवायचं. यादी पुढे घेऊन पप्पा बराच वेळ बसले. एकेक वस्तू खोडून पाहिली, पुन्हा लिहिली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सामानाला दुसरी सायकल लागेल. मी घेतो."

बाबांना ठसका लागला. पप्पा शेवटचे सायकलवर बसले त्याला वीस वर्षं झाली होती. सासूबाई तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, जाऊ दे, टेबल तरी मोकळं होईल.

बाबांनी दुकानातली एक बुटकी, दणकट सायकल साहेबांसाठी तयार केली. सीट खाली, हँडल वर, ब्रेक असे की ट्रकही थांबावा. पप्पांचा सराव पाहायला गल्ली गोळा व्हायची. पहिल्या दिवशी ते कपड्यांच्या दोरीत अडकले, तिसऱ्या दिवशी पाववाल्याच्या दारातून थेट आत गेले. बाबा शेजारून धावत, एका हाताने सीट धरून, "पुढे बघा साहेब, चाकाकडे नको," असं ओरडत. मला सायकल शिकवतानाही ते हेच ओरडायचे. दोन महिन्यांनी पप्पा वळणावर हात दाखवून वळायला लागले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. माझी काळजी मात्र दुप्पट झाली होती, कारण आता जाणारे दोघे होते.

निघायच्या दिवशी फादरनी दोघांना आशीर्वाद दिला आणि यात्रेच्या वह्या हातात ठेवल्या. वहीत सहप्रवाशाचं नाव आणि नातं लिहायची जागा होती. बाबांनी पप्पांकडे बघितलं, पप्पांनी बाबांकडे. मग दोघांनी आपापल्या वहीत 'व्याही' असं लिहिलं. पप्पांनी वर शिक्का मारून घेतला.

चार दिवस रोज संध्याकाळी फोन यायचा. पप्पा अंतर सांगायचे, बाबा पप्पांची पडझड सांगायचे. पाचव्या दिवशी फोन भर दुपारी आला. मी पंपांपाशी होते. दार ओढून बाहेर कठड्याशी येऊन फोन कानाला लावला.

"सूनबाई, लिहून घे," पप्पांचा आवाज आला. त्यांना इतका दम लागला होता, की शब्दागणिक थांबत होते. "पायथ्याच्या पुलापासून दगडापर्यंत तीन हजार आठशे साठ मीटर. चढावरून मोजलंय, आडवं नाही. मिस्त्रींनी चाकाच्या तारेला चिंधी बांधली, मी फेरे मोजले. सतराशे पंचावन्न."

मी विचारलं, बाबा कसे आहेत. त्यांना ते ऐकूच आलं नसावं.

"माझ्या नकाशात तीन हजार आठशे त्रेपन्न होतं," ते म्हणाले. "सात मीटरचा फरक. एवढा चढ, एवढा घाम, आणि कागदावर फक्त सात मीटर. म्हणून कधी लक्षात आलं नाही बघ."

मग फोन बाबांकडे गेला. दगड आहे, ते म्हणाले, जागेवरच आहे, रंग नवा दिलाय. गुडघा? गुडघ्याचं काय विचारतेस, साहेबांकडे बघ, ते रस्त्यावर आडवे झालेत, आडव्या मोजणीची सवय ना. आम्ही दोघंही हसलो. मग बाबा म्हणाले, "फोन ठेवू नकोस. मी चार पावलं चालतो."

फोन त्यांनी खिशात टाकला असणार. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक. सायकल ढकलत नेताना होते तशी, सावकाश, न थांबता. माझ्या लहानपणच्या दुकानातल्या सगळ्या संध्याकाळी त्या आवाजात होत्या. मी कठडा घट्ट धरून उभी होते.

"झालं," बाबा म्हणाले. "दगड मागे पडला."

मला रडू आलं. त्यांना ते कळलं असावं, कारण आवाज जरा कडक करून ते म्हणाले, आता तुला कुणी खोळंब्यावरून बोलायचं नाही, ते मिटलं. मी म्हटलं, "नाही बाबा, बोलत जा. मला हवंय ते."

"बरं," बाबा म्हणाले. "मग फोन ठेव. आधीच तुझ्यामुळे चौतीस वर्षं उशीर झालाय."

मागून पप्पा ओरडले, की सूनबाई, वेळ लिही. माझ्या हातात होती ती पंपांची नोंदवही. तिच्या त्या दिवसाच्या पानावर, दाबाच्या रकान्यात, बारा वाजून सतरा मिनिटांसमोर 'दगड मागे पडला' असं लिहिलेलं आहे. आमच्या वरिष्ठांनी खाली सही केली आहे. त्यांनी ते वाचलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.